चिकूचा चुलतभाऊ

चिकू खाल्ल्यावर त्याच्या बियांचं तुम्ही काय करता? कोणाची बी लांब उडते याची शर्यत लावता ना? पुढच्या वेळी शर्यतीआधी एक बी हातात घेऊन नीट बघा. काळी, चपटी, पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत. आणि एका कडेला फिक्या रंगाची लांबट खूण. फळात असताना बी त्या जागी चिकटलेली असते. ही खूण लक्षात ठेवा, कारण अशीच खूण असलेली दुसरी एक बी आज तुम्हाला दाखवायची आहे. ती चिकूच्या बीपेक्षा मोठी असते आणि रंगाने तपकिरी. ती बी मोहाची.

मोह हा चिकूचा चुलतभाऊ. वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोघांना एकाच कुळात घातलंय. खिरणी आणि बकुळही त्याच कुळातली. कच्चा चिकू कापला की पांढरा चीक येतो, तसाच तो मोहाचं पान खुडलं की देठातून येतो. पण भाऊ-भाऊ असले म्हणून नशीब सारखं थोडंच असतं! चिकू हा मुळातला आपला नव्हेच, तो मेक्सिकोच्या बाजूचा. तरी डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, शहरोशहरी त्याच्या पेट्या जातात. मोह मात्र इथलाच, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या जंगलात वाढलेला. आणि त्याचं नाव काढलं की शहरातली माणसं एकमेकांकडे बघून हसतात. मोह म्हणजे दारू, एवढंच त्यांना ठाऊक!

आता पालघर जिल्ह्याचा नकाशा उघडा. (जुना नकाशा असेल तर ठाणे जिल्हा बघा. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.) डावीकडे समुद्र, किनाऱ्याजवळ डहाणू, घोलवड, म्हणजे चिकूचा मुलूख. तिथून बोट उजवीकडे सरकवत न्या. सपाटी संपते, डोंगर लागतात, जव्हार येतं आणि त्याच्याही पुढे मोखाडा. त्याच्या पलीकडे नाशिक जिल्हा सुरू होतो. या मोखाडा तालुक्यातलं एक गाव म्हणजे पोशेरा. या साऱ्या टापूत वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा आदिवासी जमातींची वस्ती. शेती डोंगरउताराची: भात, नागली, वरई. पावसाळ्यात इथे पाऊस नुसता कोसळतो. मुंबईच्या नळाला येणारं वैतरणेचं पाणी याच डोंगरांतून येतं. आणि उन्हाळ्यात इथल्याच बायका-मुली हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. हा काय न्याय आहे, ते तुम्हीच ठरवा.

या भागात शेताच्या बांधावर, घराच्या मागे, डोंगराच्या सोंडेवर मोह असतोच. शेतासाठी जमीन साफ करताना बाकीची झाडं तुटतात, मोह सहसा तुटत नाही. कुठलं झाड कोणत्या घराचं, हेही गावात ठरलेलं असतं.

मार्च महिन्यातली पहाट आहे आणि तुम्ही पोशेऱ्यात आहात अशी कल्पना करा. झाडावर पानं जवळजवळ नाहीतच. फांद्यांच्या टोकाला कळ्यांचे घोस लटकलेत. आणि झाडाखाली टप, टप, टप… असा आवाज चाललाय. फुलं पडताहेत! उचलून बघा. पाकळ्या सुट्या नाहीत, सगळ्या जुळून एक फुगीर, मांसल, फिकट पिवळा मणी झालाय. तोंडात टाका. आधी गोडवा, मग जिभेवर एक उग्रसा वास रेंगाळतो. मला स्वतःला ताज्या फुलापेक्षा वाळलेलं फूल जास्त आवडतं. ते मनुकेसारखं सुरकुततं, तपकिरी होतं आणि त्याचा उग्रपणाही कमी होतो. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त नुसती साखर असते.

आता यातली खरी गंमत सांगतो. तुम्ही म्हणाल, सगळी फुलं वेचून नेली तर झाडाला फळं कशी धरायची? आंब्याचा मोहोर झडला की आंबे गेले, तसंच की! पण मोहाचं तसं नाही. त्याची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्या गोड पाकळ्या खायला येतात. खाता खाता त्यांच्या तोंडाला लागलेले परागकण एका फुलाचे दुसऱ्या फुलाला लागतात. मग पहाटे गळतो तो फक्त पाकळ्यांचा मणी, आतल्या पुंकेसरांसकट. ज्याचं पुढे फळ व्हायचं तो भाग फांदीवरच राहतो. म्हणजे वेचणारा झाडाचं काहीच नेत नाही. झाडाने टाकलेलं तेवढं उचलतो.

ही फुलं वाळवून घरात ठेवायची आणि वर्षभर खायची, ही इथली जुनी पद्धत. भाजून, तिळाबरोबर कुटून त्यांचे लाडू होतात. उकडून ती कडधान्यात घालतात, पिठात मळून भाकरी करतात. दुष्काळात तर धान्य संपल्यावर घराला याच फुलांचा आधार असे. गुराढोरांनाही ती घालत.

मग दारूचं काय? दारूही होते. साखर म्हटली की ती आंबवता येते, आंबवलेली गाळता येते. उसाची, द्राक्षाचीही होतेच की! पण कोणी द्राक्षाला दारूचं फळ म्हणत नाही. मोहाच्या कपाळी हा शिक्का बसला, त्यात इंग्रज सरकारचाही हात होता. सरकारला परवाना दिलेल्या दारूवरच्या करातून पैसा मिळे. जंगलात फुकट मिळणाऱ्या फुलांपासून लोक घरीच दारू गाळू लागले तर हा पैसा बुडतो. म्हणून १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) या जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा केला. फुलं गोळा करणं, बाळगणं, विकणं यांवर बंधनं आली. जव्हार तेव्हा मुकणे राजांचं संस्थान होतं, पण मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. तेव्हा जी फुलं लाडवाला लागायची, गुरांना लागायची, दुष्काळात माणसांना लागायची, त्या फुलांकडेही गुन्ह्याची वस्तू म्हणून पाहिलं जाऊ लागलं. स्वातंत्र्यानंतर दारूबंदीच्या कायद्यातही मोहफुलांवर बंधनं राहिलीच. महाराष्ट्रात ती सैल झाली २०२१ साली! पहिल्या कायद्यापासून मोजलं तर १२९ वर्षं झाली.

त्याच २०२१ साली काय झालं, माहीत आहे? छत्तीसगडमधल्या कोरबा जिल्ह्यातली वाळवलेली मोहफुलं जहाजाने फ्रान्सला गेली.

पण मला आज बोलायचंय ते फुलाबद्दल नव्हे. फुलाच्या या सगळ्या गलबल्यात मोहाच्या ज्या भागाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही, त्याच्याबद्दल.

फुलं गळून गेली की फांदीवर राहिलेल्या त्या भागाचं फळ होऊ लागतं. हिरवं, कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढं. याला मोहट्या म्हणतात. कोवळ्या मोहट्यांचा गर काढून त्याची भाजी करतात. मे-जूनपर्यंत फळ पिकतं. पुन्हा वटवाघळं येतात, गर खातात आणि आतल्या बिया टाकून देतात. एका फळात एक ते चार बिया. वरचं तपकिरी कवच फोडलं की आत बदामासारखा गर. आणि या गरात तेल!

हे तेल तुमच्या स्वयंपाकघरातल्या तेलासारखं नसतं. उन्हाळ्यात पिवळसर, पातळ. थंडी पडली की डब्यात तुपासारखं थिजतं. युरोपातले व्यापारी त्याला मोहाचं लोणीच म्हणत. डोंगरातल्या घरांत हे तेल भाजीला, दिव्याला, अंगाला लावायला, थंडीत फुटलेल्या टाचांना, सगळ्याला चाले. मग दुकानातली तेलाची पिशवी आली. ती आणायला पैसे लागतात, पण फोडणं-वाळवणं-गाळणं नको. हळूहळू घाणे बंद पडत गेले आणि मोहाची बी व्यापाऱ्याच्या तराजूत जाऊन बसली.

जरा हिशेब करू या. घ्या वही. समजा, पोशेऱ्यातल्या एका घराने १० किलो बी गोळा केली. केंद्र सरकारने २०२० साली वनोपजांचे किमान दर वाढवले तेव्हा मोहाच्या बीचा दर ठरला किलोला २९ रुपये. म्हणजे २९० रुपये झाले, तेही तेवढा दर देणारा भेटला तर. आता तीच बी विकायची नाही असं ठरवू. कवच काढलं की सुमारे ७ किलो गर उरतो. गावच्या घाण्यावर गराच्या वजनाच्या २० ते ३० टक्के तेल निघतं, चांगल्या यंत्रावर ३५ टक्क्यांपर्यंत. मधला आकडा २५ धरा. पावणेदोन किलो तेल आलं. आणि पाच किलोच्या आसपास पेंड उरली. बी विकताना हे तेल आणि ही पेंड दोन्ही त्या २९० रुपयांत जातात. तेल विकत आणायला तेच घर पुन्हा दुकानात जातं.

आणि ही काही आजची गोष्ट नाही बरं का. पहिल्या महायुद्धाच्या आधी मोहाची बी बोटींत भरून जर्मनीला जात असे. तिथे तिचं तेल काढून साबण आणि मेणबत्त्या करत. वेचणारे हात इथले आणि तेल काढून नफा मिळवणारे तिकडचे.

तुम्ही म्हणाल, मग लोक बी विकतातच कशाला? घरी ठेवून तेल का काढत नाहीत? मलाही आधी असंच वाटायचं. पण बी कधी पडते ते आठवा. जूनमध्ये! म्हणजे नेमका पहिला पाऊस येतो तेव्हा. इकडे भाताची, नागलीची पेरणी अंगावर आलेली, घरातली सगळी माणसं शेतात. तिकडे झाडाखाली बी भिजतेय. भिजलेल्या बीला बुरशी लागते. आतल्या गरातल्या तेलाचं विघटन होऊ लागतं, त्यातून आम्लं सुटी होतात आणि तेल खवट, कडवट होतं. असं तेल खाण्याच्या कामाचं नाही. साबणवाला घेतो, पण पडत्या भावाने. म्हणजे बी गोळा झाली की चार-सहा दिवसांत ती फोडून सुकवायला हवी, आणि नेमकं तेव्हा ऊन नाही! मग पोतं उचलून व्यापाऱ्याकडे टाकणं हेच सोपं.

आणखी एक अडचण आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवाळी झाली की या भागातली कितीतरी कुटुंबं घर बंद करून भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला जातात. मुलंही बरोबर. परततात पावसाच्या तोंडावर. म्हणजे मार्चमध्ये घरामागच्या मोहाखाली फुलांचा सडा पडतो तेव्हा ती फुलं ज्यांची, ती मुलं कुठेतरी विटा वाहत असतात. याच टापूत, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात, १९९२-९३ साली कुपोषणाने मुलं दगावली होती. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला या डोंगरांची नावं कळली. मोहाने कुपोषण जातं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नुसत्या साखरेने आणि तेलाने मूल धडधाकट होत नाही. त्याला डाळ, अंडी, दूध, भाजी सगळंच हवं. पण घरचं तेल घरात राहिलं आणि पेंडीचेही पैसे झाले, तर त्या घराला वीटभट्टीवर एक महिना कमी राहता येईल का? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

आता थोडं जगात फिरून येऊ. तुमच्या घरी कॉफी होते? कॉफीचं झाडही असंच फसलेलं आहे. त्याला लालचुटूक, बोराएवढी फळं येतात. आत दोन बिया. आपण पितो त्या बिया, भाजून आणि दळून. बाहेरचा गोडसर गर आणि साल हा फळाचा बराच मोठा भाग कचरा म्हणून काढला जातो. मळ्याशेजारच्या ओढ्यात तो गेला की पाणी नासतं. पण येमेनमध्ये लोक शेकडो वर्षं हीच वाळलेली सालं आलं घालून उकळून पितात. त्याला ते किशर म्हणतात. इथियोपियात कॉफीच्या पानांचा काढा पितात. युरोपला हे कळायला २०२० उजाडलं! त्या वर्षी तिथे कॉफीच्या पानांच्या पेयाला परवानगी मिळाली आणि २०२२ साली वाळलेल्या सालींना. आपल्या महाराष्ट्रातही कॉफी आहे बरं, मेळघाटात चिखलदऱ्याला. आणि मेळघाटात मोहही आहे.

आहे की नाही गंमत? कॉफीची बी सगळ्यांनी डोक्यावर घेतली आणि बाकीचं फळ उकिरड्यावर गेलं. मोहाचं उलटं. फुलाची बदनामी होऊन का होईना, नाव झालं. बी तशीच राहिली.

राहिली ती पेंड. तेल काढल्यावर उरलेला चोथा. शेंगदाण्याची पेंड गाई-म्हशी आवडीने खातात. मोहाची मात्र तशीच घालता येत नाही, कारण तिच्यात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. रिठा आणि शिकेकाई पाण्यात घुसळली की फेस येतो ना? तोही सॅपोनिनचाच. म्हणून मोहाची पेंड अंग धुवायला, डोकं धुवायला वापरत आले आहेत. पण माशांना हे सॅपोनिन बाधतं. ते कल्ल्यांतून रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. मत्स्यशेती करणारे याचाच उपयोग करून घेतात. तळ्यात रोहू-कटल्याची पिल्लं सोडायची असतील तर आधी तिथले शिकारी मासे काढावे लागतात, नाहीतर सगळी पिल्लं त्यांच्याच पोटात जायची. अशा वेळी हजार लिटर पाण्याला पाव किलो या प्रमाणात मोहाची पेंड टाकतात. सुमारे तीन आठवड्यांत तिचं विष उतरतं आणि तीच पेंड कुजून तळ्याला खत होते. रासायनिक विष टाकलं तर हे होईल का? मात्र ही युक्ती स्वतःच्या तळ्यात, माहीतगाराला विचारूनच करायची. ओढ्यात-नदीत पेंड टाकून मासे पकडणं म्हणजे मोठ्या माशांबरोबर पुढच्या वर्षीचे मासेही मारणं.

या पेंडीने साहेबालाही भुरळ घातली होती. इंग्लंडातल्या गोल्फच्या मैदानांवर गांडुळं मातीच्या गोळ्या बाहेर टाकतात आणि साहेबाचा चेंडू अडतो! म्हणून मोहाच्या पेंडीची पूड विलायतेत नेऊन तिथल्या हिरवळीवर पसरत. पाणी मारलं की गांडुळं वर येऊन मरायची. शेतकऱ्याच्या मित्राचा हा छळ मला काही पटत नाही, पण पेंडीत केवढं बळ आहे ते तुम्हाला कळलं असेल. ज्या पोत्याला गावात चुलीची वाट दाखवतात, त्या पोत्यासाठी एके काळी बोटीचं भाडं भरलं जात होतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट साधीच आहे, जाळी. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यात मोहाची आपोआप उगवलेली रोपं जळतात. कधी आग हाताबाहेर जाऊन डोंगरच पेटतो. त्याऐवजी झाडाखाली जाळी बांधली की फुलं जाळीत पडतात. माती लागत नाही, जाळायची गरज नाही, आणि स्वच्छ फुलाला भावही चढा मिळतो. जूनमध्ये बियांनाही ती उपयोगी पडेल. भिजलेल्या मातीत लोळण्यापेक्षा जाळीत पडलेली बी बरी, नाही का?

दुसरी गोष्ट थोडी खर्चाची. बी फोडायचं यंत्र, पावसातही गर सुकवता येईल असा आडोसा, आणि एक लहानसा तेलघाणा. एका घराला हे जमणार नाही. चार पाड्यांनी मिळून केलं तर जमेल. आणि इथे कायदा, एकदाचा, झाडाखालच्या माणसाच्या बाजूने आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा या दोन्हींनी जंगलातल्या फुलं-फळं-बियांवरचा हक्क गावाला दिला आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पेसा कायद्यात येतात. सरकारी कागदात या साऱ्याला ‘गौण वनोपज’ म्हणतात. गौण म्हणजे कमी महत्त्वाचं. हे नाव ठेवणाऱ्याने मोहाखाली एक पहाट काढली नसावी.

तिसरी गोष्ट तुमच्यापैकी ज्यांच्या गावाकडे मोह आहे त्यांना करता येण्यासारखी आहे. नवे मोह फार कमी दिसतात. जुनी, दोन हातांच्या कवेत न मावणारी झाडं दिसतील, पण तुमच्या उंचीचं झाड शोधा बरं! बिया सगळ्या वेचल्या जातात, उरलेल्यांची रोपं आगीत नाहीतर बकऱ्यांच्या तोंडात जातात. बरं, मोहाची बी डबीत घालून वर्षभर ठेवता येत नाही. काही आठवड्यांत तिची उगवायची ताकद संपते. म्हणून जूनमध्ये, शाळा सुरू होते त्याच सुमारास, बी मिळाली की लगेच मातीत घालायची. बोटाच्या एका पेराएवढी खोल, पिशवीत किंवा थेट बांधावर. दोन-तीन वर्षं बकऱ्यांपासून राखण करायची. फूल यायला दहाएक वर्षं तरी लागतात. म्हणजे आज बारा वर्षांच्या असलेल्या मुलीने बी लावली, तर पहिली फुलं वेचायला ती बावीस-पंचवीस वर्षांची झालेली असेल.

आणि पोशेऱ्याकडचे जुने मोह कोणी लावले, असं एखाद्या आजोबांना विचाराल, तर ते बहुधा झाडाच्या शेंड्याकडे हात करतील. वटवाघळांनी! गर खाऊन बी कुठेतरी लांब नेऊन टाकायची, हे काम ती दर जूनला करत आली आहेत, आणि बदल्यात त्यांनी कोणाकडे भाव मागितलेला नाही.